एका ताग्यातल्या तिघी

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. पातोळ्यांसाठी आणलेली हळदीची पानं ओल्या फडक्यानं पुसता पुसता आई म्हणाली, "गो, ह्या वर्साक माका पुढे रवूचा आसा."

"कुठे पुढे?" मी विचारलं. मी तिच्यासमोर बसून तिनं पुसलेली पानं या ढिगातून त्या ढिगात ठेवत होते. माझ्या कामाची ही नेहमीची पद्धत आहे. लांबून बघणाऱ्याला मी राबते आहे असं वाटतं.

"खंय म्हणजे? टेपीच्या फुगडेत."

एवढं बोलून तिनं पुढचं पान उचललं. आईला ओळखणाऱ्याला यावरून कळावं की प्रकरण गंभीर आहे. आई सहसा काही मागत नाही. तिला नवा चष्मा हवा असतो तेव्हा ती म्हणते, "हल्ली पेपरात अक्षरां बारीक छापतत." आपण ते ऐकून चष्मा करून आणायचा. सरळ 'माका होया' असं वाक्य तिच्या तोंडून मी फार ऐकलेलं नाही.

आमच्या घरात गणपतीत फुगड्या पुष्कळ होतात, पण टेपीची फुगडी एकच, आणि ती तिघींची. मोठ्या काकीची, मधल्या काकीची आणि आईची. तिघी सख्ख्या जावा. मोठी काकी पुढे उभी राहून गाणार, बाकीच्या दोघी तिच्या मागे, एक उजवीकडे, एक डावीकडे, तिच्या ओळीओळीला साथ देणार. आई मागची डावी. मी परकरात होते तेव्हा ती मागची डावी होती, आणि आता जिना दिसला की माझेच गुडघे बोलायला लागतात, तरी ती मागची डावीच. तिला एकदा, एका गणपतीत, पुढे उभं राहून पहिला आवाज लावायचा होता.

आता हा टेप कुठला, ते सांगते.

मोठे काका बोटीवर होते. आमच्या किनाऱ्यावर 'बोटीवर' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. माणूस वर्षातले बरेच महिने घरात नसतो, आणि येतो तेव्हा साबण, पावडर आणि घरात कोणालाच न समजणारी एखादी वस्तू घेऊन येतो. मोठ्या काकीनं त्यांना भजनं ऐकायला टेपरेकॉर्डर आणायला सांगितला होता. काकांनी टेपरेकॉर्डर आणला. परदेशच्या बंदरात भजनाची कॅसेट कुठून मिळणार, म्हणून दुकानदारानं हातात दिली ती इंग्रजी कॅसेट आणली.

"अख्ख्या दुकानात एकच होती?" मोठ्या काकीनं विचारलं.

"त्येनी सांगल्यान, हेच्यात सगळी निवडक गाणी आसत. ह्या बायांची जितकी म्हणान नावाजलेली, तितकी हय एकत्र. दुसरी घेवची गरजच नाय."

काकांना हे एकदम पटलेलं होतं, कारण बाजारात उभं राहून निवडत बसायचा त्यांना जन्माचा कंटाळा. पुढे लग्न झाल्यावर आमच्या ह्यांनी मला समजावलं की असल्या निवडक गाण्यांच्या कॅसेटी खऱ्या रसिकानं ऐकू नयेत. मूळ तबकड्या ऐकाव्यात, ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं, पडेल गाण्यांसकट. तेव्हा कुठे कलाकार कळतो. असेल. मी एवढंच विचारलं की मी तुम्हाला सुरमईचा मधला तुकडा वाढते तेव्हा आधी शेपटी द्या, मग क्रमानं वर या, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.  त्यांनी तुकडा आणखी एक मागून घेतला.

कॅसेटच्या वेष्टणावर तीन बायकांचं चित्र होतं. गोऱ्या मडमा नव्हेत, आमच्या घरातल्यांसारख्याच सावळ्या. केसांचे उंच बुचडे, आणि तिघींच्या अंगावर एकाच सोनेरी कापडाचे पायघोळ झगे. एक पुढे, कमरेवर हात ठेवून, आणि दोन मागे. सगळं घर ओटीवर जमून ते चित्र बघत होतं आणि या तिघी एकमेकींच्या कोण, असा प्रश्न निघाला. मैत्रिणी असतील? बहिणी?

आजोबांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं आणि निकाल दिला. "जावा आसत."

पुराव्याला कापड होतं. आजोबा दर गणपतीला कुडाळच्या बाजारातून तिन्ही सुनांसाठी एकसारखी पातळं आणि एका ताग्यातलं पोलक्यांचं कापड आणायचे. हिला चांगलं, तिला कमी, असा वाद नको म्हणून. बहिणी एकसारखे कपडे घालतात त्या लहान असेपर्यंत. तीन वेगळ्या तोंडावळ्यांच्या मोठ्या बायका एका ताग्यातलं कापड लेवून ओळीत उभ्या दिसल्या, तर त्यांच्या पाठीशी एखादा सासरा असणारच, असं आजोबांचं म्हणणं. यावर कोण काय बोलणार? पुढची ती अर्थात थोरली.

"आणि ही मधली," मधली काकी एका बाईच्या नुसत्या मानेकडे बघून म्हणाली. "थोरलीवांगडा हिचा पटत नाय. मानेवरसून कळता."

आई तेव्हा काय म्हणाली, ते कोणाला आठवत नाही. मागची डावी ना.

गाणी लावल्यावर तर खात्रीच पटली. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी देवासमोर उभा राहून गावाचं मागणं, तक्रार, सुखदुःख एकेक वाक्यानं मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले पुरुष एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतात. खरी गंमत त्या 'व्हय महाराजा'त आहे. माणूस एकटाच बोलत सुटला तर लोक त्याला कटकट्या म्हणतात. मागून चार जण 'व्हय' म्हणाले की तेच बोलणं देवापर्यंत जातं. बायका हे सगळं खांबापलीकडून ऐकणार. आणि इथे टेपवर तीन बायका नेमकं तेच करत होत्या. पुढची चढत्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि मागच्या दोघी तिच्या वाक्यावाक्याला 'ऊ, ऊ' करून होकार भरत होत्या. भाषा कोणालाच कळत नव्हती. मला शाळेत नुकतंच इंग्रजी लागलं होतं, म्हणून मला पुढे बसवलं. पण त्या तिघींपैकी एकीनंही 'हे टेबल आहे' किंवा 'ती खुर्ची आहे' असं काही म्हटलं नाही, त्यामुळे माझा उपयोग झाला नाही.

"नवऱ्याबद्दल आसा," मोठी काकी म्हणाली. "तो खंयतरी गेलो हा. नि ती सांगता, ये म्हणान."

काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

सुट्टी संपवून काका पुन्हा बोटीवर गेले आणि पुढच्या गणपतीत मोठ्या काकीनं पहिल्या गाण्याच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवले. फुगडीत बायका गिरक्या घेतात आणि दम सोडताना 'फू' करतात, ते तुम्हाला माहीत असेल. 'फू' ठोक्यावर पडला तर फुगडी रंगते. टेपवरच्या मागच्या दोघींच्या 'ऊ'च्या जागी आमच्या मागच्या दोघींचा 'फू' इतका चपखल बसला की त्या परदेशी बायकांनी फुगडी कुठे बघितली असेल, यावर घरात बरीच चर्चा झाली. शब्द असे होते:

घो माझो बोटीर गेलो, गे बाय,
सा म्हयने झाले, खबर नाय!
साबू हाडल्यान, पावडर हाडल्यान,
गणपतीची रजा काय नाय हाडल्यान!

आणि मागून दोघी: "फू! व्हय महाराजा! फू!"

गावातल्या बायका हे बघायला यायला लागल्या. ज्यांचे नवरे बोटीवर होते त्या यायच्याच, ज्यांचे मुंबईला होते त्याही यायच्या, आणि ज्यांचे घरीच होते त्या जरा मागच्या रांगेत बसायच्या. काकांना एका वर्षी खरंच गणपतीत रजा मिळाली. ते ओटीवर बसलेले असताना मोठ्या काकीनं हेच गायला सुरुवात केली. काका ओरडले, "अगो, मी हय बसलंय!"

"तुमी गप रवा," काकी गिरकी न मोडता म्हणाली. "गाण्यात तुमी बोटीर आसास."

कॅसेट आमच्याकडे बरीच वर्षं टिकली. मधे एकदा मात्र खाऱ्या हवेनं टेपचं यंत्र कुरकुरलं आणि त्यानं पट्टा आत ओढून चघळला. नेमका पहिल्या गाण्याचा, शेवटाकडचा. माझे बाबा शाळामास्तर. कात्री, चिकटपट्टी आणि मुलांच्या निबंधांवर चालवायचा तोच निर्विकार चेहरा घेऊन ते बसले, चुरगळलेला भाग कापून टाकला आणि उरलेली टोकं जोडली. जोड उत्तम होता. फक्त तिथे आल्यावर गाणं एकदम उडी मारायचं. पुढची बाई एक वाक्य अर्धं सोडून भलतीकडेच जायची. मोठ्या काकीनं त्या उडीवर उलटी गिरकी बसवली. पुढे पुढे ती गिरकीच फुगडीतली सगळ्यात नावाजलेली जागा झाली, आणि गाण्यात तिथे कधी काही होतं, हे सगळे विसरून गेलो.

मग टेप गेला, कॅसेट गेली. काका बोटीवरून कायमचे घरी आले, बरीच वर्षं ओटीवर पेपर वाचला, आणि तेही गेले. मोठी काकी मुलाकडे मुंबईला राहायला लागली, पण गणपतीला यायची, आणि टेपच नसल्यामुळे तिघी तोंडानंच गायच्या. टेपीची फुगडी हे नाव तेवढं राहिलं. मग मधली काकी गेली. त्या वर्षी फुगडी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मोठ्या काकीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, दुसरा उपाय नसल्याच्या स्वरात सांगितलं, "तू रव मागे. उजवीकडे."

मी मागची उजवी झाले. माझ्या 'फू'बद्दल इथे फार लिहीत नाही. आमच्या ह्यांच्या मते कुकरच्या शिट्टीला निदान वाफ कोंडल्याचं कारण असतं. पण एक काम मी चोख केलं. त्या बायकांची तीच निवडक गाणी मी मोबाइलवर शोधून काढली, लहानसा स्पीकर आणला आणि गणपतीसमोर लावली. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आई आणि मोठी काकी एकमेकींकडे न बघता आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. दोघींची पावलं फरशीवर पूर्वी पडायची तिथेच नेमकी पडली, चष्मे मात्र दोघींचे ओले झाले.

मोबाइलवरच्या गाण्यांचा क्रम वेगळा निघाला, त्यावरून मोठी काकी रागावली. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं, हे तिच्या पायांना माहीत होतं आणि पाय चुकत होते. मी तो क्रम बदलून जुना लावून दिला. त्याच सुमारास मी हौसेनं त्या तिघींबद्दल वाचलं, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं की त्या एकमेकींच्या जावा नव्हत्या, कोणीच नव्हत्या, आणि मधे तर एक जाऊन तिच्या जागी भलतीच आली होती.

आईला वाईट वाटलं. मोठी काकी शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाली, "माका संशय होतोच. जावा असत्यो तर इतकी वर्सा एका सुरात गायल्यो असत्यो?"

खरी पंचाईत निराळीच झाली. मोबाइलवरचं गाणं पूर्ण होतं. बाबांनी कापून टाकलेला तुकडा त्यात शाबूत होता. जिथे आमच्या गाण्यात उडी आणि उलटी गिरकी, तिथे ही बाई निवांत आणखी दोन ओळी गात होती आणि मागच्या दोघी तिला 'ऊ, ऊ' करत होत्या. आम्ही गिरकी मारून मोकळ्या, आणि गाणं मागेच. पहिल्यांदा तर मी मोठ्या काकीवर जाऊन आदळले.

"हय त्येंनी कायतरी जादा घातलेला आसा," मोठ्या काकीनं सांगितलं. बाबांनी कापल्याची आईनं तिला आठवण करून दिली, पण बाबा तिचे धाकटे दीर. त्यांच्या हातून काही कमी झालं असेल हे तिला मान्य नव्हतं. शब्द तर त्या दोन ओळींना नव्हतेच. मग असं ठरलं की तिथे मोठी काकी गप्प उभी राहील आणि आम्ही मागच्या नुसता 'फू' करत वेळ काढू. तेव्हापासून दर गणपतीला त्या दोन ओळी अशाच रिकाम्या जात होत्या.

तर अशी ही फुगडी, आणि तिच्यात आईला पुढे उभं राहायचं होतं.

"मग सांग ना मोठ्या काकीला," मी म्हटलं.

"मी कशी सांगू? थोरली ती. तू इचार. तुका ती नाय म्हणूची नाय."

हे खरं नव्हतं. मोठी काकी मला लहानपणापासून नाहीच म्हणत आलेली आहे. पण आईनं हळदीचं पान माझ्यापुढे असं ठेवलं की मी हो म्हटलं.

मोठी काकी आली ती नेहमीसारखी दवंडी पिटत. तळेऱ्याला बस थांबली की ती फोन करते, "तळेऱ्याक पोचलंय, चाय ठेवा." तिथून घर बरंच लांब. चहा उकळून उकळून काळा होतो, पण ठेवला नाही तर तिला कळतं. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडीतून उतरली ती काठी टेकत, आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "फुगडेक माका खुर्ची घाला. पुढे."

म्हणजे गिरक्या नाहीत तरी पुढे. मी दोन दिवस धीर गोळा केला आणि ती गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला टांगलेली फळं बरोबर बांधली आहेत की नाही ते काठीनं तपासत होती तेव्हा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काकी, यंदा तुझं ऑपरेशन झालंय. दम लागेल. पुढचं आई गाईल का?"

काठी थांबली. "तिणा सांगल्यान?"

"नाही. म्हणजे, मलाच वाटलं."

"तुका कायएक वाटना नाय. तुका वाटला असता तर 'फू' वेळेर पडलो असतो." ती खुर्चीवर बसली आणि मला समोर बसायची खूण केली. आवाज खाली आला. "हय बघ गो. पुढे रवतली तिचा कायतरी गाराणा होया. गाराणा नाय त्या बायेन पुढे रवान करूचा काय? माझो घो बोटीर गेलो, म्हणान मी गायलंय. तुझ्या आवशीचो घो खंय गेलो? पाच वाजले काय शाळेतसून घराक. पगार हातात. पावसात छत्री घेवन हाडूक जाय तिका बाजारातसून. तिणा कसला गाणा गावचा?"

 माटवीखाली बसून मोठी काकी काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि माझो घो अजून बोटीर आसा. गाण्यात तरी आसा. माका उठवू नको थयसून."

मी उठले. अशा वेळी काय बोलावं ते मला कळत नाही, म्हणून मी लाडू आणून दिला. तिनं तो घेतला.

स्वयंपाकघरात आई आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. मी तिला सगळं सांगितलं, छत्रीसकट. काही वगळावं हे मला सुचत नाही, हा माझा स्वभाव.

"गाराणा नाय?" आई म्हणाली. "माका?"

आणि नारळ इतक्या जोरात खवायला लागली की खोबऱ्याबरोबर करवंटीही यायला लागली. मी म्हटलं जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.  पण त्या दिवसापासून ती काम करता करता ओठ हलवायची आणि मी आत गेले की थांबायची. मला वाटलं, स्तोत्र पाठ करते आहे.

गौरीच्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे खाऊन माझ्यात गिरकी घेण्याची कोणतीही इच्छा उरली नव्हती. शेजारपाजारच्या बायका ओटीवर दाटीवाटीनं बसल्या. बाबा भिंतीकडच्या बाकावर पेपर घेऊन बसले. मोठ्या काकीची खुर्ची मध्यभागी, सगळ्यांच्या पुढे. तिच्या मागे डावीकडे आई, उजवीकडे मी. मी मोबाइलवर गाणं लावलं आणि पळत येऊन माझ्या जागी उभी राहिले, धापा टाकत, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच माझे 'फू' चालू झाले होते.

मोठ्या काकीचा आवाज ऑपरेशनला भ्यालेला नव्हता. "घो माझो बोटीर गेलो, गे बाय..." तिनं काठीनं फरशीवर ठोका धरला आणि ओटी हलली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. साबू आला, पावडर आली, रजा काही आली नाही. "फू! व्हय महाराजा! फू!" मग ती रिकामी जागा आली. आम्ही उलटी गिरकी मारली, मोठी काकी सवयीनं गप्प झाली, स्पीकरमधली बाई आपल्या दोन ओळींकडे वळली, आणि माझ्या डावीकडून आवाज आला.

घो माझो घरातच बसलो, गे बाय,
बोट काय त्येका गावली नाय!

मी 'फू' करायची विसरले. आईचा आवाज मोठा नव्हता, पण त्या परदेशी बाईच्या सुरावर तो नेमका चढला होता, आणि दोन ओळी जिथे संपायला हव्या तिथे संपल्या. आडाळ्यावर बसून ती ह्याच दोन ओळी घासत होती. या घरात कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या दोन ओळी.

मागच्या रांगेतून, जिथे घरातच असणाऱ्या नवऱ्यांच्या बायका बसतात तिथून, असा हशा उसळला की माटवीवरची एक सुपारी खाली पडली.

बाबांनी पेपर खाली केला. बाबा चिडले की मालवणी सोडून शाळेतली भाषा बोलतात. "घरी बसणं हा दोष कधीपासून झाला?" त्यांनी सभेला विचारलं.

"व्हय महाराजा!" मागची रांग ओरडली.

मी गाणं थांबवलं. मोठी काकी खुर्चीतल्या खुर्चीत जमेल तेवढी मागे वळली होती आणि आईकडे बघत होती. आई पदराशी चाळा करत होती, पण मान खाली नव्हती.

"ह्या तू कधी केलंस?" मोठ्या काकीनं विचारलं.

"थयसर जागा मोकळी होती, वैनी. तुमचा काय घेवक नाय मी. तुमचो घो बोटीरच आसा."

मोठ्या काकीनं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग विचारलं, "आणखी आसा?"

"आसा."

"किती?"

"पुष्कळ."

मोठ्या काकीनं काठी टेकली आणि मला हाक मारली. "गो, नुसती उभी काय रवलंस? माझी खुर्ची उचल. मागे घे. हयसून माका तिचा तोंड दिसना नाय. आणि गाणा परत पयल्यापासून लाव."

खुर्ची उचलून मी माझ्याच जागेच्या बाजूला ठेवली. मोठी काकी तिच्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यांकडे जेवायला बसल्यासारखा भाव होता. आई चार पावलं पुढे गेली. तिथे पोचल्यावर तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग तिनं एक हात कमरेवर ठेवला, चित्रातल्या थोरलीसारखा. ते चित्र तिनंही इतकं नीट बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

घो माझो घरातच बसलो, गे बाय,
बोट काय त्येका गावली नाय!
पाच वाजले काय चाय मागता,
चाय दिली काय साखर बगता!

"चहात साखर कमी असते म्हणून बघतो!" बाबा म्हणाले. त्यांना कोणी ऐकलं नाही. बायकांचा 'फू' असा घुमत होता की स्पीकरमधल्या तिघी कुठल्या कुठे गेल्या होत्या. गुडघे विसरून मीही गिरकी घेतली आणि चक्क वेळेवर आले. आईच्या डोक्यावरचा गजरा सुटून पाठीवर लोंबत होता. ती मागे वळली नाही. रिकामी जागा आली तशी ती एक श्वास थांबली आणि ह्या वेळी त्या दोन ओळी वेगळ्या निघाल्या.

वैनी पुढे नि मी मागे, गे बाय,
माझा गाराणा कोणी आयकूक नाय!

सगळ्यांच्या नजरा मोठ्या काकीकडे गेल्या. इथे मागून 'फू' पडायला हवा होता. तो पडला नाही, मीही तिच्याकडेच बघत होते. मोठी काकी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली होती, आणि भानावर येऊन तिनं 'फू' केला तोवर ठोका निघून गेला होता. इतक्या वर्षांत मागे उभं राहायची वेळच आली नव्हती, तिला सवय कुठली?

आईनं हात वर करून मला गाणं थांबवायला लावलं. मग ती वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वैनी, 'फू' उशिरा पडलो."

 या घरात हे वाक्य नेहमी उलट्या दिशेनं जायचं.

मोठ्या काकीनं पदरानं तोंड पुसलं, काठी दोन्ही हातांत धरली, खुर्चीत सरळ होऊन बसली.

"व्हय महाराजा," ती म्हणाली.